धामणखोलात दाताचा डॉक्टर नसल्याबाबत

प्रति,
मा. पाहणी अधिकारी,
दंतसेवा उपलब्धता पाहणी कक्ष,
कोल्हापूर.

विषय : माझी पत्नी कालकथित सोनूबाई अण्णासो शिंगे यांचा पाहणीतील जबाब रद्द होऊन फिरता दंत दवाखाना मौजे धामणखोल, ता. चंदगड येथे थांबणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा पाहणी अहवाल, सन २००३-०४.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) "नोंद कायम ठेवण्यात येत आहे" असे कळविणारे आपले पत्र.

महोदय,

मी खाली सही करणार अण्णासो सत्याप्पा शिंगे, एस.टी. महामंडळातून वाहक म्हणून निवृत्त, राहणार बौद्धवस्ती, मौजे धामणखोल, आपणांस सविनय कळवितो की, आमच्या गावात दाताचा डॉक्टर नाही. पूर्वीही कधी नव्हता. आपल्या अहवालात मात्र आहे. एवढ्याच गोष्टीसाठी हा माझा चौथा अर्ज आहे. आधीचे अर्ज फार थोडक्यात झाले, म्हणून त्यांचा उपयोग झाला नसावा, असे वाटल्याने या वेळी सर्व हकिकत पहिल्यापासून लिहीत आहे. वाचण्यास वेळ लागेल, त्याबद्दल क्षमा असावी. चंदगडहून कोल्हापूरला यायलाही लागतोच.

आपल्या अहवालात प्रत्येक गावाची लोकसंख्या आणि दंतवैद्यांची संख्या यांचा भागाकार केलेला आहे. त्यात आमचे गाव अकराशे माणसांमागे एक डॉक्टर म्हणून "समाधानकारक" या सदरात बसविले आहे. खुद्द कोल्हापूर शहर या भागाकारात आमच्या खाली आहे. राजारामपुरीत जिन्याजिन्याला दाताचे चित्र असलेली पाटी लटकते, हे मी स्वतः पाहिले आहे. त्यांच्याही वर आमचे धामणखोल, जिथे पावसाळ्यात फरशीपूल पाण्याखाली गेला की एस.टी. अलीकडूनच मागे फिरते आणि माणसे छत्री बगलेत मारून वाहते पाणी बघत उभी राहतात. हा मान आम्हाला कसा मिळाला, ते आता सांगतो.

त्या साली ग्रामस्वच्छतेची स्पर्धा जोरात होती. आमचे सरपंच हंबीरराव यांनी ती फार मनावर घेतली होती. गटारे बुजविली, उकिरडे हलविले, शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगविले. आमच्या वस्तीला नळ नव्हता. गाव स्पर्धेत आले तर पहिला नळ बौद्धवस्तीत, असा शब्द सरपंचांनी चावडीवर सर्वांसमक्ष दिला, म्हणून आमची माणसेही झाडू घेऊन उतरली. तपासणीची समिती अचानक येते, असे सगळीकडे बोलले जात होते. त्यामुळे हंबीररावांनी दवंडी पिटवून गावाला सक्त ताकीद दिली होती. ताकीद अशी : "जीप आली की कुणी न्हाय म्हणायचं न्हाय. पावणं काय बी इचारू देत, हाय म्हणायचं. म्होरचं मी बघतो." गावाने महिनाभर याचा सराव केला. म्हातारी माणसेसुद्धा झोपेतून उठवली तरी "शोषखड्डा हाय, संडास हाय" म्हणू लागली होती.

अशात एके दिवशी पांढरी जीप आली. त्यातून गळ्यात ओळखपत्रे घातलेला एक मुलगा आणि एक मुलगी कागद घेऊन उतरली. ती आपल्या कक्षाची माणसे होती, हे गावाला फार उशिरा कळले. गावाने त्यांना स्पर्धेची समिती समजून लेझीम काढली, फेटे बांधले, नारळ दिला. दाताची पाहणी करणाऱ्यांना असे स्वागत दुसऱ्या कुठल्या गावात मिळाले नसेल. तीही बिचारी खूश झाली असावीत. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की गावात दाताचे डॉक्टर आहेत का.

महोदय, स्वच्छतेच्या समितीने असे का विचारावे, असा प्रश्न त्या वेळी कुणाला पडला नाही. ताकीद पक्की होती. चौकात जमलेले सगळे गाव एका सुरात "हाय की!" म्हणाले. कुठे आहेत, असे विचारल्यावर मात्र पंचाईत झाली. तेव्हा हंबीररावांनी स्वतः पुढे होऊन पाहुण्यांना आकाराम न्हाव्याच्या दुकानात नेले. आकारामकडे बेळगावहून आणलेली लोखंडी खुर्ची आहे. मान मागे टाकायला तिला उशी आहे आणि कळ दाबली की ती मागे कलते. समोर आरसा, बाजूला पाण्याची बादली, भिंतीवर दंतमंजनाच्या कंपनीचे कॅलेंडर. आकाराम पांढरा सदरा घालून हात जोडून उभा होता. त्याने पूर्वी सरपंचांच्या वडिलांचा हलता दात काढला होता, तेवढे शिक्षण त्याचे या विषयात झालेले आहे. आपल्या माणसांनी "खुर्ची : आहे" असे लिहिले, पोहे खाल्ले आणि पुढे घरोघरचे जबाब घ्यायला वस्तीत आली.

मी त्या दिवशी बेळगावच्या गाडीवर ड्युटीला होतो. घरात सोनूबाई होत्या. पुढचे मला माझी भावजय विठाबाई हिने सांगितले, कारण ती शेजारच्याच घरात राहते आणि ओट्यावर शेंगा फोडीत बसलेली होती. आपल्या मुलीने सोनूबाईंना विचारले, की मावशी, दाताचा, तोंडाचा काही त्रास आहे का. सोनूबाईंनी तोंडावरचा पदर न काढता उत्तर दिले, "मला काय धाड भरल्या? दात खणखणीत हायत. आन् काय झालंच तर डाक्टर हाय की गावात." मग त्यांनी जबाबाखाली सही केली. रात्रशाळेत जाऊन ती सही शिकली होती, म्हणून जिथे तिथे हौसेने करायची.

त्या वेळी तिच्या तोंडात आग होत होती. आमच्याकडच्या बायका तंबाखू तव्यावर भाजून तिची मिश्री करतात आणि उठल्याबरोबर दाताला लावतात. दाताला बरी, म्हणून सुरू करतात आणि मग सुटत नाही. सोनूबाई नांदायला आल्यापासून लावीत होती. आपल्या जिल्ह्यात माणूस तिखट खायचा थांबला, की घरच्यांनी समजून घ्यावे की काहीतरी बिघडले आहे. सोनूबाई आधी खर्डा खायची थांबली, मग आमटी पाण्याने धुऊन घ्यायला लागली, मग दुधात भाकरी कुस्करायला लागली. विचारले की म्हणायची, उष्णता झाल्या. तरीही जीपमधल्या पाहुण्यांना तिने त्रास नाही असे सांगितले. तिला गावाला खाली बघायला लावायचे नव्हते आणि तिला तो नळ हवा होता. वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात किती लांबून पाणी आणतात, ते मी इथे लिहीत नाही, कारण तो आपल्या कक्षाचा विषय नाही.

पुढे आपल्या कक्षाने फिरता दंत दवाखाना सुरू केला. ज्या गावांत डॉक्टर नाही त्या गावांतच तो थांबतो, असा नियम झाला. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. शेजारचे काजरे गाव स्वच्छतेच्या स्पर्धेतून पहिल्याच फेरीत बाद झाले होते. त्यामुळे जीप आली तेव्हा त्यांना लपवायचे काही राहिले नव्हते, आणि त्यांनी इथे काही नाही म्हणून खरे खरे सांगितले. आता दर बुधवारी आपली गाडी आमच्या फाट्यावरून जाते आणि काजऱ्याला जाऊन थांबते. गाडीवर हसणाऱ्या बाईचे चित्र आहे. ते चित्र आमच्या गावातल्या सर्वांच्या ओळखीचे झाले आहे.

सोनूबाईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा पडला होता. मी तिला एका बुधवारी काजऱ्याला घेऊन गेलो. रांगेत आमचा नंबर आला. गाडीतल्या माणसाने रेशनकार्ड पाहिले आणि म्हणाला, "काका, तुमच्या गावात डॉक्टर आहे, तिकडं दाखवा. इथं या गावचीच माणसं घ्यायची असा आदेश आहे." मी त्याला सगळे समजावून सांगितले. मागची काजऱ्याची माणसे हसायला लागली. कुणीतरी म्हणाले, "धामणखोलकर, तुमाला बक्षीस मिळालंय न्हवं? मग आमच्या दारात कशाला?" सोनूबाईने माझी बाही ओढली आणि आम्ही चालत परत आलो. त्या रात्री मी आपल्याला पहिला अर्ज लिहिला.

त्या अर्जाचे मला आता फार वाईट वाटते. मी तिला बेळगावला चल म्हणत होतो. बेळगाव आम्हाला जवळ आहे, तिथे दाताचे डॉक्टर पुष्कळ आहेत. दुसऱ्या राज्यातले म्हणून आपल्या भागाकारात ते येत नाहीत, एवढेच. पण ती म्हणायची, "अर्ज केलाय न्हवं तुमी? मग ईल की गाडी आपल्या गावात. आता काजूचं दिस हायत, उगंच कशाला पळापळ?" तिने माझा अर्ज डब्यात भाकरी बांधावी तसा खात्रीचा धरला होता. नोकरीत असताना मी वरिष्ठांना लिहिले की काम व्हायचे, हे तिने पाहिलेले होते. दर बुधवारी ती फाट्यावर जाऊन उभी राहायची आणि गाडी गेली की घरी यायची. मला तिने हे सांगितले नाही. काजूच्या बागेतल्या बायकांनी नंतर सांगितले.

आपल्याकडून उत्तर आले, की जबाबात बदल करावयाचा झाल्यास जबाब देणाऱ्या व्यक्तीने स्वतः कार्यालयात समक्ष हजर राहावे. ते उत्तर येईपर्यंत चट्ट्याची जखम झाली होती. मी तिला ओढून बेळगावला नेले. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले. मग त्यांनी मला बाहेर बोलावून विचारले, की हे चट्टा असताना कुणाला का दाखविले नाही. त्या वेळी एवढ्याशा तुकड्यावर काम भागले असते, असे ते म्हणाले. मी त्यांना धामणखोलची हकिकत सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांना ती खरी वाटली नसती.

कोल्हापुरात मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. जबड्याचा एक भाग आणि जीभ काढावी लागली. दवाखान्यातून सोडल्यावर गावी जाण्याआधी दुसरा अर्ज लिहून मी तिला आपल्या कार्यालयात आणले, कारण पत्रात समक्ष हजर राहावे असे लिहिले होते आणि आम्ही कोल्हापुरात होतोच. आपण दौऱ्यावर होता. टेबलावरच्या बाई भल्या होत्या. त्यांनी सोनूबाईला खुर्ची दिली, पंखा लावला. मी म्हणालो, "बाई, ह्या बोलू शकत न्हाईत, पण जबाब चुकीचा हाय असं मान हलवून सांगतील." त्या बिचाऱ्या खाली बघून म्हणाल्या, "काका, तोंडी जबाब तोंडीच बदलायला लागतो. त्यांनी नुसती मान हलवली तर मी रकान्यात काय लिहू?" ती सही करून देईल म्हटले तर त्या म्हणाल्या, सही आधीच्या जबाबाखालीही आहे. तेव्हा सोनूबाईने पदर बाजूला केला आणि तोंड उघडून त्यांना दाखविले. त्या बाईंना रडू आले. पण त्यांच्या कागदात पाहिल्याचे लिहायला जागा नव्हती. ही त्या बाईंविरुद्ध तक्रार नाही, कृपया त्यांच्यावर काही कारवाई करू नये.

आमच्या गावाला स्पर्धेत त्याआधीच तालुक्यात तिसरा क्रमांक मिळालेला होता. हंबीररावांनी शब्द पाळला. वस्तीत नळ आला. पहिली घागर सोनूबाईने भरावी असे बायकांनी ठरविले आणि तिने ती भरली. पाणी चांगले आहे, दाबही चांगला आहे. तिला मात्र ते नळीतून द्यावे लागत होते.

मी हंबीररावांना गावात डॉक्टर नसल्याचा दाखला मागायला गेलो. ते वाईट मनुष्य नाहीत. सोनूबाई आजारी असताना त्यांनी दोनदा स्वतःची गाडी दिली होती. पण दाखल्याचे म्हटल्यावर ते म्हणाले, "अण्णासो, एक खोटं निघालं की सगळीच कुदळ लावत्यात. उद्या म्हणतील संडास बी दाखवा. बक्षीस जाईल, गावाची छी-थू होईल." मी त्यांना म्हणालो, माझी बायको चालली आहे. ते माझ्याशेजारी बसून राहिले, पण दाखला दिला नाही. आकाराम न्हाव्याची तर वेगळीच गत झाली. आपल्या कक्षाने त्याला दंतवैद्य म्हणून पत्र पाठवून नोंदणी क्रमांक आणि दरमहा तपासलेल्या रुग्णांची माहिती मागविली. आपल्याला पोलीस धरून नेणार म्हणून त्याने दुकानाला कुलूप लावले आणि बायकोमुलांसह बिद्रीला सासुरवाडीला निघून गेला. त्यामुळे गावात दाताचा डॉक्टर तर नव्हताच, आता न्हावीही नाही. दाढी करायला आम्ही काजऱ्याला जातो.

सोनूबाई मागील नोव्हेंबर महिन्यात वारली. शेवटच्या दिवसांत ती काही मागायची नाही, फक्त दुखायला लागले की भिंतीवर हात मारायची. मी तिसरा अर्ज केला आणि त्यासोबत मृत्यूचा दाखला जोडून लिहिले, की आता तरी जबाब काढून टाका. त्यावर आपले पत्र आले, की जबाब देणारी व्यक्ती हयात नसल्याने जबाबात बदल करणे शक्य नाही, सबब नोंद कायम. महोदय, मी हे पत्र अनेक वेळा वाचले. नियमाने ते बरोबरच असेल. पण माझ्या बायकोचे या जगात आता एवढेच बोलणे उरले आहे, आणि ते असे की तिला काही त्रास नाही. याने माझा जीव तुटतो. ते बोलणे आपल्या कपाटात राहू नये, म्हणून मी हा चौथा अर्ज लिहायला घेतला होता.

परंतु अर्ज अर्धा झाला असताना एक गोष्ट ध्यानात आली आणि अर्जाचे कारण बदलले. जानेवारीअखेर सोनूबाईच्या पुण्यस्मरणाला भंतेजी आले होते, सर्व नातेवाईक जेवायला होते. आमची विठाबाई वाढायला होती. सगळ्यांची ताटे झाल्यावर ती बसली, आणि मी पाहिले की तिने आमटीतली फोड उचलून तांब्यातल्या पाण्यात धुतली. मग महिनाभर बघत राहिलो. खर्डा बंद झाला आहे. बोलताना पदर तोंडावर असतो. तिला दोन मुले आहेत, धाकटी संघप्रिया अजून शाळेत आहे. माझा भाऊ मागेच वारला, त्यामुळे घर तिच्या एकटीच्या जिवावर आहे. बेळगावला चल म्हटले की ती सोनूबाईचेच उत्तर देते, फक्त काजूच्या जागी ऊसतोडीचे नाव घेते. गाडी गावात आली तर दाखवीन, म्हणते.

म्हणून मी वस्तीतल्या बायकांना जमवून पुन्हा पाहणी झाली तर काय सांगायचे, ते शिकविले. खरे सांगायचे, एवढेच शिकवायचे होते, पण ते फार अवघड गेले. मी स्वतः जीपवाला झालो आणि एकेकीला विचारले. विठाबाईला विचारले, "तोंडाचा काय त्रास हाय का?" तिला चांगले ठाऊक होते की काय म्हणायचे आहे. सोनूबाईला तिनेच नळीने पाणी पाजलेले आहे. तरी ती पदर घट्ट धरून म्हणाली, "मला काय व्हतंय भावजी? मी धडधाकट हाय." आणि उठून घरात गेली. बाकीच्याही तशाच. आता ना स्पर्धा आहे, ना सरपंचांची ताकीद, तरीही बायकांच्या तोंडून दुसरे काही निघत नाही. ती सवय स्पर्धेच्या फार आधीची असणार. त्या दिवशी मला आपल्या अहवालाचा राग राहिला नाही. आपली माणसे विचारत गेली आणि त्यांना जे सांगितले गेले ते त्यांनी लिहिले.

सबब, विषयात लिहिलेल्या दोन मागण्यांपैकी पहिली मी परत घेत आहे. सोनूबाईंचा जबाब रद्द करण्यात नियमाची अडचण असेल तर तो तसाच राहू द्यावा. अहवालात आमच्या गावाला डॉक्टर राहू द्यावा, हंबीररावांचे बक्षीसही राहू द्यावे. माझी आता कशालाही हरकत नाही. फक्त येत्या बुधवारपासून काजऱ्याला जाणारी गाडी वाटेत आमच्या वस्तीपाशी थोडा वेळ उभी करावी, एवढी एकच विनंती आहे. नियमात बसत नसेल तर चाक पंक्चर झाल्याचे लिहावे. तशी साक्ष मी देईन.

आणि गाडीतल्या डॉक्टरांना माझ्या वतीने कृपया एवढे सांगावे : विठाबाईला काय होते ते विचारू नये. तिला तोंड उघडायला सांगावे, आणि बघावे.

लवकर व्हावे ही पदर पसरून विनंती.

आपला,
(सही)
अण्णासो सत्याप्पा शिंगे
बौद्धवस्ती, मौजे धामणखोल, ता. चंदगड, जि. कोल्हापूर
दि. ६ मार्च २००६

सोबत : १) सोनूबाईंच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत (दुसऱ्यांदा).
२) बेळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी.
३) विठाबाईंचे कोणतेही कागद जोडलेले नाहीत. त्यांना या अर्जाबद्दल सांगितलेले नाही.